पंधरा खुणा

अंधेरी, ६ मार्च १९८४

श्यामसुंदर यांस,

सप्रेम नमस्कार. पाच महिन्यांत तुमचं हे तिसरं पत्र. त्यातलं निम्मं थंडीबद्दल आणि उरलेलं तिथल्या पावाबद्दल. तुम्ही हॅम्बुर्गला संशोधन करायला गेलात की बेकरी काढायला, असं आई विचारत होती.

इथे संस्थेत आपली फिल्म तपासायची, स्कॅनिंगची खोली जशीच्या तशी आहे. पहिल्या टेबलावर मी आणि दुसऱ्या टेबलावर, तुमच्या खुर्चीत, चंद्रप्रकाश नावाचे एक गृहस्थ. दुसऱ्या विभागातून बदली होऊन आलेत, पन्नाशीला टेकलेत, पण त्यांना आपला नियम काही पाळवत नाही. फिल्मवर कणाची एखादी वेडीवाकडी रेषा दिसली की लगेच, "मॅडम, हे बघा ना, काय झकास निघालंय." मी त्यांना शंभरदा सांगितलं की दोघांनी एकच फिल्म वेगवेगळी बघायची, आपापल्या वहीत लिहायचं, आणि दोघांचं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एकाला काय दिसलं आणि दुसऱ्याला काय दिसलं, यातल्या फरकावरूनच दोघांच्याही नजरेतून किती सुटलं याचा अंदाज बांधायचा असतो. ते मान डोलावतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारतात. तुम्ही अकरा वर्षं त्या खुर्चीत बसलात आणि फिल्म चालू असताना एक शब्द बोलला नाहीत. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता त्या गप्प बसण्याची आठवण येते.

मढहून होडीने येणारी सरूबाई अजून संस्थेच्या फाटकाशी माशांची पाटी घेऊन बसते. परवा म्हणाली, "तुजा मास्तर कवा येल गं? बोंबलांचा गिऱ्हाईक गेला माजा." मी सांगितलं, पुढच्या एप्रिलात. तिने हिशोब केला, "म्हंजे अजून एक आख्खा पावसाला." मला तो हिशोब तोवर सुचला नव्हता.

एक शंका. तुम्ही लिहिलंत की तुमचा गट दुसरा हिग्ज नावाचा कण शोधतोय. अहो, पहिला सापडला कधी? मला तरी कोणी पेढे दिले नाहीत. बाजारात तुरी, तशातली ही गोष्ट दिसते. जरा समजावून सांगा. मी फक्त रेषा बघणारी बाई, पण अकरा वर्षं रेषा बघितल्यात.

तब्येतीला जपा. पाव कमी खा.

वसुधा तळपदे

---

हॅम्बुर्ग, २ एप्रिल १९८४

वसुधाबाई यांस,

स. न. वि. वि. तुमच्या पत्राने इथल्या टेबलावर जरा ऊन आलं. पावाबद्दल आता लिहिणार नाही.

तुरी अजून बाजारातच आहेत हे खरं. कणांना वस्तुमान कुठून मिळतं, या प्रश्नाचं एक उत्तर म्हणजे हिग्ज. तो एकच असेल तर गणित भागतं. पण निसर्गाने एकावरच भागवलं असेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. जरा मोठं कुटुंब धरलं तर पाच हिग्ज निघतात. तिघांवर विद्युतभार नाही, दोघांवर आहे. हे भारवाले दोघे नेहमी जोडीने जन्मतात, एक अधिक आणि एक उणा, आणि लगेच मोडतात. पहिला लपून बसला असला तरी हे कदाचित आधी हाती लागतील, अशी आमची आशा. थोरल्याच्या आधी धाकट्याचं लग्न जमावं, तसं.

इथल्या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळतात. साध्या टकरीत कणांचे दोन झोत एकमेकांच्या उलट दिशेला जातात. आम्हाला हवी ती टक्कर वेगळी दिसेल: एका बाजूला एकुलती एक रेषा, दुसरीकडे दोन झोत, आणि बरीचशी ऊर्जा बेपत्ता. संगणक चाळणी लावून देतो, पण शेवटची पारख डोळ्यांनीच करायची. मी चाळलेल्या चित्रांत मला अशा सतरा सापडल्या. चार-पाच असतील तर योगायोग म्हणता येईल. सतरा जास्त आहेत.

मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. मला ते सापडायला हवंय, आणि हवं असलेलं माणसाला दिसतंच. गटप्रमुखांना मी सांगितलं की माझ्या माहितीत एक बाई आहेत, ज्यांनी नसलेली रेषा कधी वहीत लिहिली नाही. ते तयार झाले. रजिस्टर पोस्टाने दोनशे चित्रं पाठवतो आहे. प्रत्येकावर फक्त क्रमांक आहे. तुम्हाला ज्या टकरी तशा वाटतील त्यांचे क्रमांक कळवा. माझे सतरा कोणते ते सांगत नाही. नियम तुम्हाला ठाऊक आहे.

खरं म्हणजे पुढचं लिहायला नको. हे टिकलं तर गट मला आणखी तीन वर्षं ठेवून घेणार आहे. नाही टिकलं तर ठरल्याप्रमाणे पुढच्या एप्रिलमध्ये मी परत. दोन्हीला माझी तयारी आहे.

सरूबाईला सांगा, इथे मासे मिळतात, पण त्यांना चव नाही.

श्यामसुंदर केळुसकर

---

अंधेरी, ११ मे १९८४

श्यामसुंदर यांस,

स. न. दोनशे चित्रं १७ एप्रिलला मिळाली. सर्व तपासली. त्यांतल्या पंधरा तुम्ही वर्णन केलेल्या प्रकारच्या वाटतात. क्रमांकांची यादी सोबत जोडली आहे. चित्रं वेगळ्या पाकिटाने परत करत आहे.

उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. आंब्याच्या दिवसांत घरी पाहुणे असतात.

तुम्हाला हवं ते मिळो.

वसुधा तळपदे

---

हॅम्बुर्ग, ३० जून १९८४

वसुधाबाई यांस,

स. न. वि. वि. यादी आणि चित्रं पोचली. एवढ्या कामासाठी तुम्ही वेळ काढलात, आभारी आहे.

तीन वर्षांची मुदतवाढ मी स्वीकारली. कालच सही केली. आता १९८८च्या उन्हाळ्यापर्यंत मी इथेच आहे.

बोरिवलीच्या माझ्या जागेची किल्ली तुमच्याकडे आहे. माझा मावसभाऊ शिवदास येईल, त्याला द्यावी. तो तिथेच, वजिरा नाक्याजवळ जागा शोधत होता, त्याची सोय होईल. पुस्तकं त्याने खोक्यांत भरून माळ्यावर टाकली तरी चालतील. तुम्ही दर महिन्याला जाऊन खिडक्या उघडत होतात, तो त्रास आता वाचेल.

तुमच्या आईंना नमस्कार.

श्यामसुंदर

---

अंधेरी, १९ डिसेंबर १९८५

श्यामसुंदर यांस,

सप्रेम नमस्कार. दीड वर्षात आपण एकमेकांना दोन दिवाळीची कार्डं पाठवली. मी माझ्या कार्डावर "सर्व कुशल" असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. आज खरं लिहायचं ठरवून बसलेय, तेव्हा पत्र लांबेल.

आधी बातमी. आपली स्कॅनिंगची खोली बंद झाली. फिल्मचे दिवस संपले, आता सगळं संगणक बघणार, असं वरून पत्र आलं. गेल्या सोमवारी टेबलं नेली. दरवाजातून बाहेर पडेनात म्हणून पाय कापले. चंद्रप्रकाश रडले, मी नाही रडले. मला ग्रंथालयात टाकलंय. दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारते.

तिथेच परदेशातून येणारे नवे निबंध फाइलला लावताना तुमच्या गटाचा निबंध हातात आला. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे, पण सारांश कळला. तिप्पट टकरी तपासल्या, भारवाल्या हिग्जची खूण सापडली नाही. जे दिसलं ते साध्या टकरींच्या हिशोबात बसतं. खाली वीस नावं होती, त्यांत तुमचंही.

श्यामसुंदर, त्या पंधरा खुणा खऱ्या नव्हत्या.

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी ते घरी नेलं. जेवणाच्या टेबलावर दोनशे चित्रं मांडून बसले होते. प्रत्येकात एक वर्तुळ आणि आत रेषा. आई म्हणाली, "काय गं, कुणाच्या पत्रिका जुळवतेस?" सहा दिवसांत माझं काम संपलं. मला सात मिळाल्या. फक्त सात, आणि त्यांतल्याही तीन लंगड्या.

मग मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. टिकलं तर तीन वर्षं, नाही तर एप्रिलमध्ये परत. सात म्हणजे तुमच्या सतराचा फज्जा. सात म्हणजे तुम्ही परत येणार. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. त्या दिवशी मी बाजारातून आईसाठी मोगऱ्याचा गजरा आणि स्वतःसाठीही एक आणला, कारण नसताना.

त्या आनंदानेच माझी वाट लावली. गजरा माळताना मनात आलं, जिला "नाही" म्हणायला इतकं आवडतंय, तिच्या "नाही"वर कुणी विश्वास का ठेवावा? तुम्ही लिहिलं होतंत की हवं असलेलं माणसाला दिसतंच. मग नको असलेलं दिसत नसेल. तुम्ही तिथे राहायला नको होतात मला. म्हणून माझे डोळे त्या टकरी वगळत असतील. मी तुमचं आयुष्यभराचं काम बुडवतेय, तेही स्वतःच्या स्वार्थासाठी, असं मला वाटायला लागलं.

म्हणून दुसऱ्यांदा बसले, आणि मन मारून बसले. जिथे जिथे शंका आली तिथे कौल तुमच्या बाजूने दिला. एखादा झोत जरा फाटलेला दिसला की दोन धरला. असं करत आठ वाढल्या. पंधरा झाल्यावर थांबले. यादीपलीकडे एक ओळ जास्त लिहिली तर सगळंच लिहिलं जाईल, म्हणून ते पत्र इतकं कोरडं ठेवलं. मला वाटलं, हाच प्रामाणिकपणा. स्वतःच्या मनाविरुद्ध गेलं की माणूस खरं बोलतो, अशी माझी समजूत होती.

मग तुमचं पत्र आलं, सही केल्याचं. शिवदासला किल्ली दिली. त्या दिवसापासून मी रोज स्वतःला सांगत आले की तुमचं काम टिकलं, तेवढं तरी झालं. आता तेही नाही. माझ्या खोट्या खुणांवर विसंबून तुम्ही आणि वीस माणसांनी दीड वर्ष नसलेल्या गोष्टीमागे घालवलं. आणि तुम्ही तिथे अडकलात तेही माझ्यामुळेच.

माफी मागत नाही. मागण्यासारखं तोंड नाही. सांगायचं होतं ते सांगितलं. आणि एक राहिलं, तेही आता लिहून टाकते. तुम्ही परत यावंत असं मला वाटत होतं. सहकारी म्हणून नव्हे.

वसुधा

---

हॅम्बुर्ग, ८ जानेवारी १९८६

वसुधा,

तुमचं पत्र पाच दिवसांपूर्वी मिळालं. आजवर चार वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. हे पाचवं मी फाडायच्या आत पोस्टात टाकणार आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही कुणाचाही दिवस वाया घालवला नाही. तुमच्या पंधरा खुणा गटापुढे गेल्याच नाहीत. का गेल्या नाहीत ते सांगतो, आणि त्यात माझी जी फजिती आहे ती पोटभर हसून घ्या.

त्या दोनशे चित्रांतली चाळीस खोटी होती. संगणकाने बनवलेली, ज्यांत दुसरा हिग्ज असणं शक्यच नाही अशी. इथला नियम आहे, दुसऱ्या माणसाकडे चित्रं पाठवताना अशी काही मिसळायची, म्हणजे त्याची नजर किती चुकते ते कळतं. सांगायला बंदी होती. मी हसत हसत मिसळली होती, कारण माझी पैज होती की तुम्ही त्यांतल्या एकावरही खूण करणार नाही.

तुमच्या पंधरांपैकी पाच त्या खोट्यांतल्या निघाल्या. पाच म्हणजे यादी कामाची नाही. मी प्रमुखांना सांगितलं की दुसरी पारख वापरता येणार नाही. त्यांनी मान हलवली, मग त्यांनी आणि आणखी दोघांनी स्वतः चित्रं तपासली, आणि माझ्या सतरांवर कुणी फारसं विसंबलं नाही. पुढच्या टकरी येत गेल्या तशा त्या एकेक करून विरल्या. मुदतवाढ मला मिळाली ती निराळ्याच कामासाठी, नव्या शोधकयंत्राच्या तारा जुळवायला. ती जागा ते मार्चपासून देत होते आणि मी नको म्हणत होतो.

मग मी हो का म्हटलं, ते ऐका. पाच खोट्या खुणा बघून मी दोन दिवस विचार केला. वसुधाबाई चुकत नाहीत, हे अकरा वर्षांत सिद्ध झालेलं. म्हणजे त्यांनी मुद्दाम केलं. मुद्दाम का करतील? टिकलं तर मी तीन वर्षं इथे राहणार, हे मीच त्यांना कळवलं होतं. म्हणजे मी इथेच राहावं, अशी त्यांची इच्छा. सरळ सांगायला संकोच वाटला म्हणून खुणा केल्या. शिवाय सोबतचं पत्र किती कोरडं, तेही जुळलं. मी सही करून टाकली आणि तुम्हाला किल्ली परत मागितली. एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाची ही अक्कल.

आता माझं खोटं. "पुढचं लिहायला नको," असं म्हणून मी जे लिहिलं होतं ना, तीन वर्षांचं आणि एप्रिलचं, ते चुकून लिहिलेलं नव्हतं. मुद्दाम लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही म्हणाल, राहू नका, असं मला वाटलं होतं. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसून जे विचारता आलं नाही, ते मी टकरींच्या आडून विचारलं. तुम्ही क्रमांकांची यादी पाठवलीत. मी ती यादीच उत्तर म्हणून वाचली.

आता आडून विचारत नाही. मी बेचाळीस वर्षांचा आहे. इथली जागा सोडायची तर दोन महिने आधी कळवावं लागतं. अंधेरीला माझी नोकरीची जागा भरलेली आहे आणि तुमच्या पत्रावरून ती खोलीच उरलेली नाही. रिकाम्या हाताने परत येईन, दुसरा सोडाच, पहिला हिग्जही न सापडलेला माणूस. वसुधा, मी येऊ का?

श्यामसुंदर

---

अंधेरी, २२ जानेवारी १९८६

श्यामसुंदर,

पत्र काल दुपारी आलं. ग्रंथालयाच्या कपाटामागे उभी राहून वाचलं. चंद्रप्रकाश आता चौकशीच्या खिडकीवर असतात, त्यांनी विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक आहे, जरा जास्तच ठीक आहे. मग मला हसू आलं आणि आवरेना. चाळीस खोटी चित्रं. तुमच्यावर चिडायला हवं होतं, आणि चिडलेही, साधारण संध्याकाळपर्यंत. तुम्ही मला दीड वर्ष पहाटे उठून रडायला लावलंत आणि मी तुम्हाला दीड वर्ष तारा जुळवायला लावल्या. फिटंफाट झाली असं म्हणवत नाही. ते दिवस गेले, आणि मला ते हवे होते.

तुम्ही विचारलंत, तर आधी न येण्याची कारणं लिहिते, म्हणजे मागाहून मला दोष नको. इथे तुमच्या तोडीचं काम नाही. नव्या यंत्रासाठी तुम्ही जे करताय ते इथल्या कुणाला कळणारही नाही. आईचे गुडघे गेलेत, ती माझ्याजवळच राहील, आणि ती तुम्हाला पहिल्याच दिवशी तुमचं गाव, कुळ आणि पगार विचारील. मी एकोणचाळिशीची आहे. पूर्वीपेक्षा जास्त बोलते, कारण फिल्म चालू नसते. शिवदासने तुमच्या जागेत बायको आणली, त्याला बाहेर काढणं शोभणार नाही. ही सगळी कारणं खरी आहेत. काल मी ती एकाखाली एक लिहून बघितली, तुम्हाला कळवायची म्हणून, आणि लिहिता लिहिता मला कळलं की मी त्यांतल्या एकाचंही ऐकणार नाही.

तुम्ही यावंत असं मला वाटतं. आज, उद्या, कधीही. रिकाम्या हाताने या. तुम्ही काय शोधून आणलंत हे मला कुणाला दाखवायचं नाहीये. मला तुम्ही दुपारचा डबा खाताना समोर हवे आहात, एवढंच, आणि हे एवढंच माझ्यासाठी फार मोठं आहे.

मुलुंडच्या एका कॉलेजात जूनपासून पदार्थविज्ञानाचा व्याख्याता हवाय, अशी जाहिरात आलीय. आज रजा टाकून मी तिथे जाऊन आले. प्राचार्य भले दिसले. प्रयोगशाळेत दोन चांगले दोलक आणि एक मोडका भिंगांचा संच आहे. अर्ज घेऊन आले आणि तुमचं नाव, जन्मतारीख, शिक्षण, सगळं भरलं. विवाहित की अविवाहित, तो रकाना पेन्सिलीने भरलाय. शेवटची तारीख तीस एप्रिल. सही तेवढी तुमची लागेल, आणि ती पोस्टाने पाठवू नका.

वसुधा